वडवणीची दोन सीटांची गाडी

बीडहून परळीच्या रस्त्याला लागलं की आधी घाटसावळी येतं आणि मग वडवणी. दोन्ही बाजूंना बालाघाटच्या टेकड्या, मुरमाड माळ आणि मधूनमधून काळ्या रानाचे तुकडे. १९९९ साली वडवणी हा वेगळा तालुका झाला. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतला हा एक लहानसा तालुका.

इथल्या रस्त्यावरचं प्रत्येक वाहन कामाला जुंपलेलं असतं. एसटी माणसं नेते, ट्रॅक्टर रान नांगरतो, मोटारसायकलवर दुधाचे कॅन लटकतात. आणि दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांचे ट्रक निघतात. त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि तुमच्याएवढी मुलंही असतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची, असा हिशेब. कुठल्या घराला कधी पैशांची नड लागेल, हे इथे लहान पोरालाही कळतं.

अशा गावात माझे मामा एक स्पोर्ट्स कार बाळगून आहेत, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण आहे खरी!

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ मध्ये, मी त्यांच्याकडे गेलो. अहिल्यानगरहून बीडपर्यंत चक्क रेल्वेनं गेलो. बीडकरांनी या रेल्वेची कित्येक वर्षं वाट पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती सुरू झाली. पुढचा परळीपर्यंतचा मार्ग तेव्हा व्हायचा होता. म्हणून मामा मला घ्यायला बीडला आले होते, आपली लाल गाडी घेऊन.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. ही परदेशातून आणलेली नाही बरं का! आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेली. १९९८ साली ती बाजारात आली. आराखडा फ्रेंच लोकांचा, इंजिन रेनो कंपनीचं, ११४९ सीसीचं. दारं दोन, सीटा दोन, आणि वरचं छप्पर उघडणारं. अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं. टिचकी मारली तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा आवाज येतो. अशा गाड्या मुळातच थोड्या बनल्या आणि पुढे बनणं थांबलंच.

मामा तेव्हा गोव्यात नोकरीला होते. १९९९ ची ही गाडी त्यांनी २००५ साली जुनीच घेतली. नंतर नोकरी सोडून शेती करायला गावी आले, तर गाडीही आली. “तालुका आणि गाडी एकाच वयाचे,” असं ते कौतुकानं सांगतात.

गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालणं. माझी पिशवी माझ्याच मांडीवर. गतिरोधक आला की मामा गाडी तिरकी करून एकेक चाक हळूच वर चढवतात, नाहीतर पोट घासतं. ट्रकच्या शेजारून जाताना मला त्याची चाकंच दिसत होती, ड्रायव्हर नाहीच.

वडवणीत मामांचा एक ठरलेला मिस्त्री आहे. खरं तर तो ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याला मी विचारलं, “हिचे पार्ट कुठून आणता?”

“आणतो कुठला? जमवतो!” तो म्हणाला. “पाइप फुटला तर मापाचा दुसरा बसवायचा. बुश झिजला तर बीडला लेथवर करून आणायचा. साठ घोड्यांची हाय बघा. आमच्या ट्रॅक्टरपेक्षा दहा-पंधरा घोडे जास्तच!”

शेजारी उभ्या असलेल्या एका मुलानं लगेच विचारलं, “मग ही नांगर का ओढत नाही?”

किती छान प्रश्न! ट्रॅक्टरचं इंजिन सावकाश फिरतं, मिनिटाला साधारण दोन हजार फेरे. पण त्याच्या प्रत्येक फेऱ्यात जोर मोठा असतो, आणि गिअर तो जोर आणखी वाढवून मोठ्या चाकांना देतात. गाडीचं छोटं इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या वर फिरू शकतं. तिची ताकद वेगात खर्च होते, ओढण्यात नाही. घोडे तेवढेच, पण एक बैलासारखा चालतो आणि दुसरा हरणासारखा पळतो.

आता मुख्य गोष्ट. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाचा मामांना फोन आला होता. गाडी चार लाखांना मागत होता. मामांनी घेतली होती दोन लाखांना. म्हणजे किंमत दुप्पट झाली की!

त्यातच सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनं मामांचा कापूस आणि सोयाबीन दोन्ही गेलं होतं. मामांची मुलगी, म्हणजे आमची ताई, छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. तिची फी भरायची होती. मामींचं म्हणणं सरळ होतं, “दोन माणसांच्या वर तिसरं बसत नाही त्या गाडीत. देऊन टाका.”

रात्री मामांनी एक जुनी वही काढली. गाडीला लागलेला पैसा न् पैसा त्यात लिहिलेला. विमा, टायर, बॅटरी, दुरुस्ती. वर्षाला सरासरी पंधरा हजार. वीस वर्षांचे किती? तीन लाख. अधिक मूळचे दोन. एकूण पाच लाख. मग चार लाखांना विकली तर नफा की तोटा? तुम्हीच सांगा!

ताई म्हणाली, “बाबा, तेच दोन लाख बँकेत ठेवले असते तर?” सात टक्के व्याज धरलं, तर चक्रवाढीनं साधारण दहा वर्षांत रक्कम दुप्पट होते. ७२ ला व्याजदरानं भागायचं, की दुपटीची वर्षं मिळतात. वीस वर्षांत दोनाचे चार आणि चाराचे जवळपास आठ लाख!

मामा हसले. “खरंय. पण व्याजावर बसून तेलगावला जाता येत नाही ना!”

पुढे किंमत आणखी वाढेल का? १९५५ सालच्या एका मर्सिडीझ गाडीला २०२२ मध्ये लिलावात साडेतेरा कोटी युरो मिळाले, म्हणजे सुमारे ११०० कोटी रुपये. तशा गाड्या जगात फक्त दोन. पण नुसतं दुर्मिळ असून भागत नाही. ती वस्तू कुणाला तरी हवीहवीशी वाटली पाहिजे, आणि ती कुणीतरी नीट सांभाळलेली पाहिजे. उलट आपल्या मुंबईची पद्मिनी टॅक्सी पाहा. कुर्ल्याला बनलेल्या या गाड्या एकेकाळी रस्तोरस्ती होत्या, म्हणून कुणाला त्यांचं अप्रूप नव्हतं. बहुतेक भंगारात गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा लोक हळहळले.

आणि सांभाळायचं म्हटलं तर खर्च आहेच. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती. २०२२ मध्ये ती ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. सरकारनं २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले आणि त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आली. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. मामांच्या गाडीला पन्नास पुरी होणार २०४९ साली. “तोवर मीच व्हिंटेज होईन,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी गाडीला गराडा घातला. सीट एकच मोकळी, म्हणून रांग लागली. मामा एकेकाला बसवायचे, पट्टा बांधायचे, वेशीपर्यंत नेऊन आणायचे. रांगेत ऊसतोडीला निघालेल्या घरातला एक मुलगाही होता. त्यांचा ट्रक संध्याकाळी सुटणार होता. परत आल्यावर तो उतरेचना! मामांनी त्याला आणखी एक फेरी मारून आणली. मामी ओट्यावरून पाहत होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मामांनी पुण्याला फोन लावला. “ज्वारी-हरभरा हाती येऊ द्या, मग सांगतो. ताईची फी त्यातून निघाली नाही, तर गाडी तुमची.” फोन ठेवून ते मला म्हणाले, “हे बघ, भाव वाढेल म्हणून मी ती ठेवलेली नाही, आणि भाव आला म्हणून विकणारही नाही. पण पोरीची फी अडली तर एका दिवसात देऊन टाकीन. वस्तूला जीव लावावा, पण घरच्यांच्या जिवापेक्षा जास्त नाही.”

मामी आतून म्हणाल्या, “आणि विकलीच, तर ती वही देऊ नका हो. घेणारा पळून जाईल!”

मुलांनो, तुमच्याही घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल. रेडिओ, शिवणयंत्र, आजोबांचं घड्याळ. ती केवढ्याला घेतली, तिच्यावर खर्च किती झाला आणि आज ती कुणाच्या उपयोगाची आहे, हे घरच्या मोठ्यांना विचारा आणि वहीत मांडा. बेरीज-वजाबाकी झाली की मग शेवटचा प्रश्न विचारा, “ही आपण का ठेवली?” त्याचं उत्तर आकड्यात येणार नाही. ते वेगळ्या पानावर लिहा.