संयुक्त मानापमान : १९२१ सालचा मराठी ‘सुपरग्रुप’ (धागा)

१/१६
मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव आता निम्मे गाव आणि निम्मे शहर आहे. शेताच्या बांधाला लागून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांतून परतणारी तरुण मंडळी सायंकाळी चहाच्या टपरीवर थांबते. त्यांतल्या रॉकप्रेमींचा एक जुना खेळ आहे. मोठमोठे बँड मोडले, कित्येक वादक गेले. जे हयात आहेत त्यांतून एकच नवा बँड बांधायचा. गिटारवर लेड झेपेलिनचा जिमी पेज, बासवर बीटल्सचा पॉल मॅकार्टनी, ड्रम्सवर पिंक फ्लॉइडचा निक मेसन. गायक कोण, यावर वाद सुरू होतो आणि चहा निवतो.

२/१६
अशा बँडला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. १९६६ साली एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर या तिघा नावाजलेल्या वादकांनी ‘क्रीम’ बांधला, तेव्हापासून ही कल्पना रूढ झाली. ब्रूस २०१४ मध्ये गेला, बेकर २०१९ मध्ये. टपरीवरच्या खेळाची गंमत आणि बोच एकाच जागी आहे : निवड ‘हयात’ माणसांतून करायची असते आणि ती यादी दरवर्षी आखडत जाते. हा सगळा खेळ पाश्चात्त्य संगीतातला वाटतो. मराठी रंगभूमीने मात्र तो शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्ष खेळून दाखवला होता.

३/१६
साल १९२१. मुळशीकरांना हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापटांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. देशभर असहकाराचे वारे होते. लोकमान्य टिळक जाऊन अजून वर्षही भरले नव्हते; १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचा अंत झाला होता.

४/१६
टिळकांच्या नावाने काँग्रेसने ‘टिळक स्वराज्य फंड’ उभारला. बेझवाड्याच्या बैठकीत ठरले की ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे. सावकारापासून गिरणी कामगारापर्यंत सर्वांपुढे झोळी पसरली गेली. या झोळीत नाटकवाल्यांनी काय टाकायचे? त्यांच्याजवळ एकच चलन होते, ते म्हणजे प्रयोगाची रात्र. त्यांनी जी रात्र दिली, तशी रात्र मराठी प्रेक्षकाने तोवर पाहिली नव्हती.

५/१६
ती रात्र एवढी दुर्मीळ का होती, हे समजण्यासाठी त्या काळची ‘नाटक मंडळी’ काय चीज होती ते ध्यानी घ्यावे लागते. मंडळी म्हणजे फिरते संस्थान. नट, साथीदार, आचारी, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे अशी माणसे एका बिऱ्हाडात राहत आणि गावोगाव हिंडत. नाटककार, चाली देणारा बुवा आणि मुख्य गायक नट ही प्रत्येक मंडळीची दौलत असे आणि ती जिवापाड राखली जाई. एका मंडळीचा मुख्य नट दुसरीच्या मुख्य नटासमोर उभा राहणे म्हणजे दोन संस्थानिकांनी एकाच गादीवर बसण्यासारखे होते.

६/१६
पहिले संस्थान गंधर्व नाटक मंडळीचे. त्याचे मूळ किर्लोस्कर मंडळीत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा राजमार्ग खुला झाला. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण त्या मंडळीत दाखल झाला. ‘बालगंधर्व’ ही त्याची उपाधी टिळकांनीच दिली, असे परंपरा सांगते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व मंडळी स्थापन केली. बँड फुटून नवा बँड जन्मतो, तशीच ही कथा.

७/१६
दुसरे संस्थान ललितकलादर्शाचे. कोल्हापुरात १८९० मध्ये जन्मलेले केशवराव भोसले लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्या मुलाचे नाव महाराष्ट्रभर झाले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळीत स्वतःची मंडळी काढली. पुढे त्यांनी स्त्रीभूमिका सोडून पुरुषभूमिका घेतल्या. १९१६ मध्ये मामा वरेरकरांचे हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ रंगमंचावर आणण्याचे धाडसही याच मंडळीने केले.

८/१६
दोघांची गायकी दोन वाटांची. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. शब्दाला मखमली स्पर्श करणारा सूर, लयीशी लडिवाळपणे खेळणे आणि पदाचा भाव कधी न सोडणे, ही त्यांची ओळख. केशवरावांना रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. त्यांचा आवाज चढा, तडफदार. तान वेगवान आणि आक्रमक. एकाने ऐकणाऱ्याला जवळ ओढून घ्यावे, दुसऱ्याने त्याला जागेवरून उठवावे. रसिकांचे साहजिकच दोन पक्ष पडले होते आणि आजच्या चाहत्यांप्रमाणेच ते एकमेकांशी भांडत असत.

९/१६
संयुक्त प्रयोगासाठी नाटक निवडले गेले ‘संगीत मानापमान’. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तील टिळकांचे सहकारी; त्यांचे ‘कीचकवध’ सरकारने जप्त केले होते. ‘मानापमान’ मात्र वरवर पाहता प्रेमाचे नाटक आहे. श्रीमंत घरची भामिनी गरीब पण शूर सेनापती धैर्यधराचा अपमान करते. नंतर ती वनमाला होऊन, साध्या वेषात त्याच्या सहवासात येते आणि त्याचे खरे मोल ओळखते. पैशाचा डौल मिरवणारा भित्रा लक्ष्मीधर हसे करून घेतो.

१०/१६
या नाटकाला स्वतःचा एक इतिहासही होता. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने त्याचा पहिला प्रयोग मुंबईत केला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती; तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. त्या रात्रीचे धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. त्यांचे पुढे अकाली निधन झाले. म्हणजे १९२१ मध्ये बालगंधर्व पुन्हा भामिनीचा शालू नेसले, तेव्हा पहिल्या संचातला नायक उरला नव्हता. त्याच्या जागी प्रतिस्पर्धी मंडळीचा मालक उभा राहणार होता.

११/१६
यातली अडचण नुसती मानपानाची नव्हती. संगीत नाटकात साथीदार आपल्या गायकाच्या श्वासाचा अंदाज घेऊन वाजवत असतो. तो कोठे थांबेल, समेवर कसा येईल, हे वर्षानुवर्षांच्या सहवासाने कळते. दोन मंडळ्यांच्या सवयी एका रात्रीपुरत्या जुळवायच्या होत्या. ध्वनिवर्धक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गळ्याच्याच बळावर पोहोचवायचा होता. शिवाय प्रत्येक नटाचे पद रंगले की ‘वन्स मोअर’ येणार, आणि समोरच्याने तेवढा वेळ रंगमंचावर शांत उभे राहायचे. हे दुसरे काम गाण्यापेक्षा अवघड असते.

१२/१६
राजकारणाची एक बाजूही विसरता येत नाही. वेदोक्त प्रकरणापासून राजर्षी शाहू महाराज आणि टिळक परस्परविरोधी बाजूंना उभे होते. १९२१ च्या सुमारास ब्राह्मणेतर चळवळीला धार आली होती. केशवराव मराठा, कोल्हापूरचे आणि शाहूंच्या आश्रयातले. बालगंधर्वही शाहूंच्या उपकारांत होते. त्यांच्या कानावर मिरजेत उपचार झाले, ते महाराजांच्या पुढाकाराने. शाहूंनी ज्यांना हात दिला, ते दोघे कलावंत टिळकांच्या नावाच्या फंडासाठी एकत्र आले. इतिहासाच्या पुस्तकांत माणसे ज्या रकान्यांत बसवली जातात, त्या रकान्यांत ही घटना नीट मावत नाही. तिचे मोल त्यातही आहे.

१३/१६
८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला थिएटर. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा पुष्कळ चढे, तरी नाट्यगृह भरलेले. भामिनी बालगंधर्व, वय ३३. धैर्यधर केशवराव भोसले, वय ३०. नाटकातला अपमान, पश्चात्ताप आणि मीलन हे सारे दोन प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडून बाहेर पडत होते. प्रेक्षकांना कथेबरोबर कथेमागची माणसेही दिसत होती. हजारो रुपये फंडात जमा झाले. ‘संयुक्त मानापमान’ हे दोन शब्द मराठी नाट्यस्मृतीत कायमचे बसले.

१४/१६
त्या रात्री बाजी कोणी मारली, हा वाद नंतर पिढ्यान्‌पिढ्या रंगला. गंधर्वपक्षीय आणि भोसलेपक्षीय आपापल्या आठवणी पुढे करीत राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा आठवणी वाचताना एक पथ्य पाळावे : त्या प्रयोगाविषयी जितके सांगतात, त्याहून अधिक सांगणाऱ्याविषयी सांगतात. पडताळा घेण्याचा मार्गही उरलेला नाही. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे; गायकाला कर्ण्यापुढे तोंड करून गावे लागे. रात्रभराचा प्रयोग टिपणारे यंत्रच नव्हते. त्या रात्रीचे स्वर श्रोत्यांबरोबर घरी गेले आणि त्यांच्याबरोबरच संपले.

१५/१६
आणि मग ती तारीख येते. ४ ऑक्टोबर १९२१. संयुक्त प्रयोगाला ८८ दिवस झाले असताना केशवराव भोसले गेले. वय अवघे ३१. जुलै महिन्यात ‘पुढच्या मोसमात पाहू’ असे कोणी म्हटले असते, तर तो मोसम आलाच नसता. ललितकलादर्शाची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली, नंतर भालचंद्र पेंढारकरांनी. केशवरावांची मंडळी त्यांच्यामागे कित्येक दशके टिकली. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या जोडीतला एकच ‘हयात’ होता. कोणत्याही रसिकाच्या कल्पनेला ती जोडी पुन्हा बांधता आली नसती.

१६/१६
रॉकच्या जगातही हेच हिशेब दिसतात. १९८८ मध्ये ‘ट्रॅव्हलिंग विल्बरिज’चा पहिला संग्रह निघाला आणि सात आठवड्यांत त्यांतला रॉय ऑर्बिसन गेला, उरलेल्या चौघांनी पुढच्या चित्रफितीत एका झुलत्या खुर्चीवर गिटार ठेवून त्याची जागा राखली. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे अनेक बँडच्या वादकांसह धर्मादाय मैफलीसाठी एकत्र आले. सतरा दिवसांनी ऑझी ऑस्बोर्न गेला. जांब्याच्या टपरीवरची यादी म्हणूनच पोरखेळ नव्हे. ती करणाऱ्यांना नकळत एवढेच मोजायचे असते की अजून कोण आहे आणि अजून काय घडू शकते. १९२१ मध्ये दोन मंडळ्यांनी तो हिशेब वेळेत केला. शाहूंनी बांधलेल्या कोल्हापूरच्या नाट्यगृहाला पुढे केशवरावांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेही आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.