पुन्हा चालू लागताना

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा सारे घर धावपळीत असते. रुग्णवाहिका, पुण्याचा रस्ता, संमतिपत्रावरील सही. प्रत्येकाला काही ना काही काम असते. कसोटी लागते ती रुग्ण घरी परतल्यावर. धोका बराचसा टळलेला असतो. भय मात्र रुग्णाबरोबरच उंबरठा ओलांडून आत आलेले असते.

तळेगाव दाभाड्यात माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. पुण्यात त्यांना स्टेंट बसवला आणि पाचव्या दिवशी ते स्टेशन भागातील घरी आले. वहिनी त्यांना काचेच्या भांड्यासारखे जपू लागल्या. पाण्याचा तांब्या हातात द्यायचा, जिना वर्ज्य, भेटीस येणारे कुजबुजत बोलणार. दादा दिवसभर खाटेवर पडून स्वतःची नाडी चाचपत.

शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. संसारी असूनही साऱ्या आळीच्या त्या ‘सिस्टर’. त्यांनी रुग्णालयाचे कागद वाचले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि मगच दादांना उठवले. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाणे आणि परतणे, एवढेच. मावळातला पाऊस ऐन भरात होता. बाहेर पडता येईना तेव्हा ओसरीतच फेऱ्या. आधी नाडी, नंतर नाडी. दोन्ही आकडे वहीत. “दादा, चालताना माझ्याशी बोलत राहा. बोलताना धाप लागली, तर वेग कमी करायचा,” त्या सांगत. छातीत दुखले, गरगरले तर तिथेच थांबायचे. जेवल्याबरोबर चालायचे नाही. पाच मिनिटांची दहा झाली, महिनाअखेरीस अर्धा तास.

स्वयंपाकघरात त्यांनी वहिनींना लोणचे, पापड आणि खारवलेली सुकी मासळी यांतले मीठ समजावले. गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करायच्या नाहीत, हे दोघांकडून वदवून घेतले. जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची, आणि पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर १०८ क्रमांक फिरवायचा, हेही शिकवले. मग म्हणाल्या, “वहिनी, त्यांचा तांब्या आता त्यांनाच उचलू द्या.”

एका संध्याकाळी दादा हलक्या आवाजात म्हणाले, “सिस्टर, मी आता घरावर ओझेच ना?” ‘काळजी करू नका’ असे म्हणून त्यांनी विषय टाळला नाही. त्या बसून राहिल्या, ऐकत राहिल्या. झटक्यानंतर असे उदास होणे पुष्कळांच्या वाट्याला येते आणि छातीतल्या कळेइतकेच तेही डॉक्टरांना सांगायचे असते, असे त्या म्हणाल्या. पुढच्या भेटीत दादांनी ते स्वतः सांगितले. माझ्या मते ते खरे बरे होऊ लागले ते त्या दिवसापासून.

एके काळी अशा रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी रुग्णास लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, आणि हळूहळू जगभर ही समजूत पालटली. आपल्या देशातही २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका यांत त्याने निश्चित फरक दाखवला नाही. परंतु योग शिकलेल्या रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते आपल्या नेहमीच्या व्यवहारांकडे अधिक प्रमाणात परतले. माणसाला आपले आयुष्य परत मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

तळेगावात १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषधोपचार पूर्वीइतके दूर राहिलेले नाहीत. उणीव भासते ती घरी येऊन रुग्णाबरोबर दहा पावले चालणाऱ्या माणसाची. आपल्या धर्मग्रामांत आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या कितीतरी भगिनी निवृत्त होऊन घरी आहेत. त्यांना हाक मारावी. आणि रुग्णालयातून निघताना प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी विचारून, लिहून घ्याव्यात: किती चालायचे, कोणती गोळी केव्हा घ्यायची, आणि कोणत्या लक्षणावर क्षणही न दवडता परत यायचे.