पिवळा भात, नदीवरचं धुकं

पवनी, जि. भंडारा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं तेव्हा इथे मंडईची धामधूम होती. भाऊबीज झाली की आपल्याकडे एकेका गावाची मंडई लागते, घरात पाहुणे मावत नाहीत आणि रात्र नाटकात नाहीतर दंडारीत जाते. म्हणून उत्तराला उशीर झाला. पण तुझं एक वाक्य मनातून जाईना. तू लिहिलंस की, तिकडे अमेरिकेत जो तो आपापल्या स्वप्नामागे एकटाच धावतो आणि दोस्ती हे त्या मातीतलं पीकच नव्हे. गड्या, तू तिथे राहतोस, तिथलं रोजचं जगणं तुला जास्त ठाऊक. पण त्या देशाच्या ज्या गोष्टी मी वाचल्या, त्या तुझ्याविरुद्ध साक्ष देतात.

आधी पुलंचं ‘एका कोळियाने’ घे. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा हा अनुवाद आपण शाळेत असताना वाचला होता. तेव्हा आपल्याला दिसला तो मोठा मासा आणि शार्क. आता पुन्हा वाचताना मी पहिल्या काही पानांवरच अडकलो. म्हातारा कोळी सांतियागो ८४ दिवस रिकाम्या हाताने परततोय. ४० दिवसांनंतर आईबापांनी मानोलिनला, त्या पोराला, दुसऱ्या होडीवर धाडलंय. तरी पोरगा रोज संध्याकाळी म्हाताऱ्याकडे येतो. जेवायला काय आहे, असं विचारतो. पिवळा भात आणि मासा आहे, असं म्हातारा सांगतो. फेकायचं जाळं नेऊ का, असं पोरगा विचारतो. ने, असं म्हातारा म्हणतो. भात नाही आणि जाळं कधीच विकलंय, हे दोघांनाही माहीत आहे. रोज हाच संवाद होतो आणि कुणीही दुसऱ्याला उघडं पाडत नाही. मग पोरगा जातो आणि हॉटेलातून खरंखुरं जेवण घेऊन येतो, काळ्या घेवड्याची उसळ, भात, तळलेली केळी. भाताच्या जिल्ह्यात वाढलेल्या आपल्याला तरी हे कळायला हवं होतं. रिकामं मडकं झाकून ठेवणाऱ्या बाया आपण दोघांनीही पाहिल्यात.

त्या पोराने म्हाताऱ्याचं स्वप्नही ऐकून ठेवलेलं असतं. तरुणपणी जहाजावरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेले सिंह म्हाताऱ्याच्या स्वप्नात येतात. वादळं येत नाहीत, मासे येत नाहीत, गेलेली बायकोही येत नाही. शेवटी सगळं हातचं गेल्यावर तो पुन्हा सिंहांच्या स्वप्नात शिरतो, तेव्हा पोरगा शेजारी बसून असतो. समुद्रात म्हातारा एकटा पडतो, तेव्हाही सोबतीला जो डिमॅजिओ आहेच. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा हा बेसबॉलपटू, टाचेचं हाड वाढलेलं असूनही खेळणारा. त्याचा बाप कोळी होता, हे म्हातारा विसरत नाही. आणि डिमॅजिओचा बाप खरोखरच सॅन फ्रान्सिस्कोकडचा मासेमार होता. दूरचा, कधी न भेटलेला खेळाडू एका गरीब माणसाच्या दुखऱ्या हाताला धीर देतो. लोकप्रिय करमणुकीला हलकं लेखणाऱ्यांनी ही पानं वाचावीत. १९५२च्या १ सप्टेंबरला ‘लाइफ’ साप्ताहिकाने ही अख्खी कादंबरी एका अंकात छापली आणि दोन दिवसांत पन्नास लाखांवर प्रती संपल्या. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, त्याच्या पुढच्या वर्षी नोबेल. एकटेपणाच्या वेडाने पछाडलेल्या देशाने ही गोष्ट अशी उचलून धरली असती का?

आता याच्या उलटा प्रसंग. आधुनिक अमेरिकन साहित्य मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधून निघालं, असं हेमिंग्वेनेच लिहून ठेवलंय. त्यातलं पंधरावं प्रकरण बघ. हक हा पळालेला पोरगा आणि जिम हा पळालेला गुलाम. मिसिसिपीवर रात्री दाट धुकं पडतं, हकची होडी एकीकडे जाते, जिमचा तराफा दुसरीकडे. रात्रभर हाका मारून थकलेला जिम झोपी जातो. हक परततो आणि थट्टेने त्याला पटवतो की धुकं, ताटातूट, काहीच घडलं नाही, तुला स्वप्न पडलं. जिम विश्वास ठेवतो आणि मोठ्या गंभीरपणे त्या स्वप्नाचा अर्थ लावू लागतो. मग हक तराफ्यावर अडकलेला पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दाखवून विचारतो, याचा अर्थ काय? जिम जे उत्तर देतो त्याचा मथितार्थ असा की, मित्राला लाज आणणारी माणसं हाच तो कचरा. तू हरवलास म्हणून माझं काळीज तुटलं होतं आणि तू मला मूर्ख ठरवण्याचा विचार करत होतास. हक थोडा वेळ घेतो, पण जाऊन माफी मागतो. गोऱ्या पोराने काळ्या गुलामाची माफी मागायची, हे १८८०च्या दशकातल्या पुस्तकात! आणि नंतर त्याला त्याचा कधी पस्तावा होत नाही.

खोटं दोन्हीकडे आहे. मानोलिन खोट्याला हो म्हणतो, त्याने म्हाताऱ्याचा मान राहतो. हक खोटं रचतो, त्याने जिमचा मान जातो. दोस्ती ओळखायची असेल तर मी हीच कसोटी लावीन.

आता तू म्हणतोस त्या स्वप्नाबद्दल. ‘अमेरिकन ड्रीम’ हे शब्द लोकांच्या तोंडी बसवले ते १९३१ साली जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने, ऐन मंदीत. हे स्वप्न नुसत्या मोटारींचं आणि भरघोस पगाराचं नव्हे, हे त्यानेही बजावलं होतं. सहाच वर्षांनी स्टाइनबेकचं ‘ऑफ माइस अँड मेन’ आलं. जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरते मजूर. लहानसा जमिनीचा तुकडा, ससे पाळायचे, एवढंच स्वप्न. लेनी ते पुन्हा पुन्हा जॉर्जच्या तोंडून ऐकतो. शेवटी जमाव लेनीच्या जिवावर उठतो, तेव्हा जॉर्ज तीच गोष्ट सांगत सांगत स्वतः त्याच्यावर गोळी झाडतो. ते बरोबर की चूक, यावर माझं मत अजून बनलेलं नाही. पण स्वप्न सांगायला दुसरा माणूस लागतो, हे या पुस्तकाइतकं कुणी उघड केलेलं मला ठाऊक नाही.

‘विझार्ड ऑफ ऑझ’चंही तसंच. १९००च्या पुस्तकात डोरोथी या पोरीचा प्रवास खरा आहे. १९३९च्या चित्रपटात तो स्वप्न ठरतो आणि जाग आल्यावर बुजगावणं, टिनचा माणूस आणि सिंह हे तिचे वाटेतले सोबती घरच्या शेतावरचे गडी निघतात. तुझ्या पोरी ज्या ‘फ्रेंड्स’ मालिकेची पारायणं करतात, ती १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चालली. भाड्याचं घर, अडलेली नोकरी, मोडलेली लग्नं, आणि दार न वाजवता आत येणारे सोबती. तिकडच्या माणसाला दोस्ती नको असती तर हे कशाला पाहिलं असतं?

आपल्याकडचं उदाहरण हवं, तर नवेगावबांध. १९९९ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं, आता गोंदियात गेलं. सोलापूरहून आलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली आणि तिथले कोहळी पाटील माधवराव डोंगरवार. पक्ष्यांची, झाडांची, तळ्याची भाषा माधवरावांनी त्यांना शिकवली आणि चितमपल्लींनी ते ऋण पुस्तकांत उघड मांडलं. नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले चितमपल्ली मला त्या तळ्याकाठी शिकणारे म्हणूनच अधिक जवळचे वाटतात.

आणि आपले ढिवर. मालगुजारी तलावांवर आणि वैनगंगेवर डोंग्यातून जाळं टाकणारे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने नदीचं वागणंच बदललं, नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे इथवर येतं. रिकाम्या जाळ्याचे दिवस त्यांना सांतियागोइतकेच ठाऊक आहेत. त्यांच्या पोरांनी ‘एका कोळियाने’ वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि इथल्या शाळांत ते मोठ्याने वाचून दाखवायला मी सुरुवात करणार आहे.

तुला एवढंच सांगणं. पोरींना आधी हकचं पंधरावं प्रकरण वाचून दाखव, मग पुलंचा अनुवाद; मराठी अडलं तरी थांबू नकोस. आणि तुझ्या शेजारी जो एकटा म्हातारा राहतो असं लिहिलंस, त्याला जेवायला काय केलंय ते विचार. जाताना डबा घेऊन जा.

वहिनींना नमस्कार, पोरींना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही.

तुझाच