दहा लिटरचा आडोसा

आमच्या घरात 'दगदग' हा शब्द गेली तीन वर्षं एकाच कामासाठी वापरला जायचा. कुडाळला जाऊया का, असं विचारलं की आई म्हणायची, "नको गं, दगदग होते." कुडाळ तिचं माहेर. तिथे माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आजी आहे, मामा-मामी आहेत. पुण्याहून गाडीने आठ-नऊ तास लागतात. गाडी सात सीटची, बाबा सावकाश चालवतात, मागे आडवंही होता येतं. मग दगदग नक्की कसली?

ते मला आईच्या गोळ्यांच्या डबीतून कळलं. सात वारांचे सात कप्पे असलेली ती डबी. कुठेही लांब जायचं असलं की त्या दिवसाच्या कप्प्यातली बीपीची गोळी संध्याकाळी तशीच पडलेली असायची. त्या गोळीने लघवी वाढते. आदल्या रात्रीपासून पाणी कमी, सकाळी अर्धा कप चहा, गोळी नाही आणि मग दिवसभर ओठ कोरडे ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचं, ही तिची प्रवासाची तयारी. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासानंतर तिला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप आला होता. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषांचा साधारण वीस. त्यामुळे आमच्याकडे जंतूंना आत पोहोचायला फार वाट चालावी लागत नाही. त्यात पाणी कमी आणि तासन्तास रोखून धरणं.

मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "सांगायचं ना, मी कुठेही थांबलो असतो." ते खरोखर थांबले असते. पण 'कुठेही' हा शब्द पुरुषांना लागू पडतो. बाबांना एक झाड पुरतं. आई अठ्ठावन्न वर्षांची आहे, दोन्ही गुडघे झिजलेत, उकिडवं बसता येत नाही. म्हणजे तिला आधी शौचालय हवं, ते उघडं हवं, त्यात कमोड हवा आणि त्या कमोडवर बसायची हिंमत होईल इतपत तो स्वच्छ हवा. या चार चाळण्यांतून गाळून खाली काय उरतं, हे महामार्गावर प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. एका पंपावर चावी मॅनेजरकडे होती आणि मॅनेजर जेवायला गेला होता. आई तिथून परत येऊन गाडीत बसली आणि म्हणाली, "काही नाही, चला." तिच्या पिढीकडे या गोष्टीसाठी नीट शब्दही नाही. 'जाऊन येते', 'फ्रेश होते', आणि फारच अडलं तर करंगळी.

हा प्रश्न काही मी शोधून काढलेला नाही. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली, ती पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, या साध्या अन्यायावर बोट ठेवून. पुण्यात २०१६ च्या सुमारास सेवेतून बाद झालेल्या बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं सुरू झाली, नाव 'ती'. त्या बस बघूनच माझ्या डोक्यात आलं, की बसमध्ये बसतं तर डिकीत का नाही बसणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे आधी एक्सेल शीट केली. पर्याय चार होते.

पहिला, उभ्याने वापरायचं नरसाळं. मी ट्रेकला वापरते, छान चालतं. आईने हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "अठ्ठावन्न वर्षं बसून केलं, आता उभ्याने शिकू?"

दुसरा, आत पावडर असलेल्या पिशव्या. ही पावडर म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, लहान मुलांच्या डायपरमध्ये असते तीच. द्रव शोषून तिचा गोळा होतो. पण गंमत अशी, की साधं पाणी ती आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते आणि पाण्यात क्षार असले की तिची ताकद बरीच उतरते. मी ओट्यावर दोन पेले मांडले, एकात साधं पाणी, एकात मिठाचं. साध्याची जेली झाली, मिठाचं पाणी बराच वेळ डुचमळत राहिलं. लघवी खारटच असते. शिवाय दर वेळी एक प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्यात. या पिशव्या अडीअडचणीसाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्या.

तिसरा, घडीची कमोड-खुर्ची. उंची बरोबर, पण खाली नुसती बादली. गाडी वळणावर गेली की विषय संपला.

चौथा, दोन टाक्यांचा पोर्टेबल कमोड. वरच्या टाकीत फ्लशचं पाणी, खालच्या टाकीत सगळं जमा, मध्ये सरकती झडप. झडप बंद केली की वास आणि द्रव दोन्ही खाली अडकतात. क्लिपा काढल्या की खालची टाकी सुटी होते आणि तिला धरायला मूठ असते. हाच घ्यायचा ठरला.

पुढचा प्रश्न टाकी केवढी. दुकानदार वीस लिटरवाली दाखवतो, कारण मोठं म्हणजे चांगलं. पण वीस लिटर म्हणजे भरल्यावर वीस किलोंच्या वर. ते उचलून संडासात ओतणार कोण? मी उलटा हिशोब केला. एका खेपेला तीनशे-चारशे मिलिलिटर, वर फ्लशचं पाव लिटर, म्हणजे फार तर साडेसहाशे. आई आणि मी, दोघींच्या तीन-तीन खेपा धरल्या तरी चार लिटरच्या आत. दहा लिटरची टाकी भरपूर झाली.

पण टाकी लहान झाली की कमोडही बुटका होतो. आमच्या मॉडेलची बैठक जमिनीपासून एकतीस सेंटिमीटर. घरातल्या ज्या कमोडवरून आई आधाराशिवाय उठते, त्याची उंची मोजली तर त्रेचाळीस. बारा सेंटिमीटर कमी. मी सुतारकाकांना आकृती पाठवली. अठरा मिलिमीटर प्लायवूडचा पाट, उंची बारा सेंटिमीटर, वर चारही बाजूंनी कड म्हणजे कमोड सरकणार नाही, खाली रबराचे पाय आणि पुढून उघडणारा कप्पा. कप्प्यात टिश्यू, साबण, हातमोजे. काकांनी विचारलं, "देवासाठी का?" मी म्हटलं, "आईसाठी." त्यांनी कडा घासून गोल करून दिल्या.

बसवायचा कुठे? डिकीच्या फरशीपासून छतापर्यंत शहाण्णव सेंटिमीटर भरले. बैठकीची उंची त्रेचाळीस आणि आईचं बसल्यावरचं डोक्यापर्यंतचं माप ऐंशी, म्हणजे एकशे तेवीस. गाडीच्या आत जमत नाही. म्हणून मग डिकीचं दार वर उचललं की त्याचंच छप्पर, खाली जमिनीवर पाट, पाटावर कमोड आणि तिन्ही बाजूंनी पडदा. उठताना धरायला डिकीच्या आतल्या हुकाला जाड पट्ट्याची एक कडी बांधली.

पडदा आमच्याच गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी छत्रीच्या काळ्या कापडाचा शिवला, दुहेरी. वरच्या काठाला लोहचुंबक, खालच्या काठात जुनी साखळी ओवलेली, नाहीतर शेजारून ट्रक गेला की पडदा त्याच्याबरोबर. रात्री अकरा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी घेतली. डिकी उघडली की आतला दिवा आपोआप लागतो, आणि फिक्या कापडाचा पडदा असला तर बाहेरून सगळा सावल्यांचा खेळ दिसतो. काळ्या दुहेरी कापडातूनही कडेने उजेड फुटत होता. मग तो दिवा बटणाने बंद ठेवायचा आणि पायापाशी एक छोटा चार्जिंगचा दिवा, असा नियम केला. आई आत बसली, मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. "दिसतंय का काही?" "नाही." "आवाज?" "नाही." मग ती जरा वेळ नुसतीच बसून राहिली.

चालत्या गाडीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे ब्रेक. जोरात ब्रेक लागला तर डिकीतली दहा किलोंची वस्तू जवळपास तेवढ्याच जोराने पुढे ढकलली जाते, आणि अपघातात कितीतरी पट अधिक. म्हणून कमोड सीटच्या पाठीला टेकवून, रॅचेटच्या पट्ट्याने खालच्या हुकांना करकचून बांधायचा. दुसरी गोष्ट घाट. समुद्रसपाटीजवळच्या कुडाळहून सहाशे-साडेसहाशे मीटर वर आलं की हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी कमी होतो. वेफर्सचं पाकीट घाटात फुगतं ते यामुळेच. बंद टाकीचंही तेच होतं. म्हणून वर आल्यावर झाकण बंद ठेवून आधी हवेचं बटण दाबायचं आणि मगच झडप उघडायची. उलट क्रमाने केलं तर काय उडेल ते सांगायला नको.

वासाचंही रसायनशास्त्र आहे. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, तो वास. बाजारात मिळणारी काही निळी द्रावणं जंतूंना मारून टाकतात, पण आजीकडे सेप्टिक टँक आहे आणि तो जंतूंवरच चालतो. एका दिवसाच्या लघवीसाठी मी टाकीत थोड्या पाण्यात चमचाभर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, घालते. आंबटपणामुळे अमोनिया उडून नाकात येत नाही. ब्लीच मात्र या टाकीत कधीच घालायचं नाही. लघवीशी आणि आम्लाशी मिळून त्याचे विषारी वायू होतात.

सगळं जमून आलं तेव्हा शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "छान केलंस गं. पण साफ कोण करणार? बाई वेगळी बघावी लागेल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आपल्याकडे हा प्रश्न नेहमी असाच येतो, जणू घाण करणारा एक आणि उचलणारा दुसरा हे आधीच ठरलेलं आहे. कोणत्या जातीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ते उचललं, हे आपल्याला माहीत आहे. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला, तरी तो प्रश्न आपल्या तोंडात तसाच आहे. फ्लश दाबला की सगळं दिसेनासं होतं, त्यामुळे घरातल्या कमोडपाशी हा विचार करायची वेळ येत नाही. या कमोडला मूठ आहे आणि ती कुणीतरी धरायची आहे. मी काकूंना म्हटलं, "आम्हीच." घरी येऊन तेच आमच्या फॅमिली ग्रुपवर लिहिलं: टाकी घरातल्याच माणसाने रिकामी करायची, कामाला येणाऱ्या मावशींना सांगायचं नाही.

डिसेंबरमध्ये निघालो. आदल्या दिवशी मी गोळ्यांच्या डबीकडे मुद्दाम बघितलं नाही. महामार्गाच्या कडेला थांबायचं नाही हे ठरलेलं होतं, ते धोक्याचं आहे. सातारच्या पुढे एका पंपावर विचारून मागच्या भिंतीकडे डिकी करून गाडी लावली. कोल्हापूरनंतर फोंडा घाटाकडे जाताना राधानगरी मागे पडली की फार काही लागत नाही. तिथे एका बंद टपरीच्या मागे दुसऱ्यांदा. बाबा बोनेटपाशी पाठ करून उभे. आतून आईचा आवाज आला, "अहो, घाई नाही ना?" बाबा म्हणाले, "अजिबात नाही." गाडीत बसल्यावर तिने माझ्या बाटलीतलं पाणी मागितलं. तिची स्वतःची संपली होती.

कुडाळला पोहोचल्यावर मी हातमोजे शोधत होते, तोवर बाबांनी टाकी काढून हातात घेतलेली. आई मागोमाग धावली. "अहो, ठेवा, मी करते." बाबा म्हणाले, "तू फक्त पाणी ओत." लग्नाला एकतीस वर्षं झाली, या कामात ती दोघं पहिल्यांदाच एकत्र असावीत. मागच्या पडवीत आजी खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिने एवढंच विचारलं, "बरा धुतलंस मा?" आणि टाकी उन्हात पालथी घालायला लावली.

ही काही क्रांती नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे, डिकी आहे आणि सुतारकाका आहेत त्यांचीच ही सोय. एसटीने त्याच रस्त्यावरून जाणारी बाई आजही पाणी न पिताच निघते आणि तिच्यासाठी स्वच्छ, उघडं, कमोड असलेलं शौचालयच लागेल, माझी एक्सेल शीट नाही. डिकीत कमोड आहे म्हणून मी पंपावर शौचालयाची चावी मागायचं सोडलेलं नाही. उलट आता जास्त ठामपणे मागते, कारण मला थांबता येतं.

आईने परत आल्यावर नाशिकच्या मावशीला फोनवर सगळं सांगितलं, करंगळी न दाखवता, सरळ शब्दांत. मावशीचेही गुडघे गेलेत आणि तिला मार्चमध्ये कुडाळला यायचंय. मी तिच्याकडून घरातल्या कमोडचं माप मागवलं. ती आईपेक्षा उंच आहे, तिला पाच सेंटिमीटर उंच पाट लागेल. सुतारकाकांना आकृती पाठवली आहे.