रिठी गावांच्या मुलखात

वर्धा म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकाला सेवाग्राम आठवते, पवनार आठवते. पण याच जिल्ह्याच्या उत्तरेस, नागपूर-अमरावती रस्त्याच्या आजूबाजूला, कारंजा आणि आष्टी तालुक्यांत सातपुड्याच्या अखेरच्या टेकड्या पसरल्या आहेत. मुरमाड माळ, सागाचे रान, उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात चौरस किलोमीटरला माणसे 206, तर राज्यात 365. या टेकड्यांत तर वस्ती आणखीच विरळ.

येथील गावांची यादी वाचताना नावापुढे वरचेवर एक शब्द भेटतो: रिठी. रिठी म्हणजे माणूस नसलेले गाव. कधी दुष्काळाने, कधी रोगराईने, कधी विहीर आटली म्हणून पांढरी ओस पडली. काळी मात्र शेजारच्या गावचे लोक कसत राहिले. त्यामुळे सरकारदरबारी गाव जिवंतच! त्याला शीव आहे, सातबारा आहे. चूल तेवढी नाही.

असल्या मुलखाचा कारभार चालवायचा कसा? जिल्हा जुन्या मध्यप्रांतात होता तेव्हा, 1948 च्या कायद्याने, जनपद सभा आल्या. 1962 साली जिल्हा परिषद आणि पंचायत समित्या. तळाशी 1958 च्या कायद्याची ग्रामपंचायत. एकट्या गावाचा जीव लहान, म्हणून दोन-चार गावे मिळून गटग्रामपंचायत करतात. कल्पना शहाणपणाची खरी. पण कचेरी एकाच गावी असणार, आणि ज्या गावची मते जास्त त्याचेच सभासद जास्त.

याच टेकड्यांत नंद गवळी आपली पांढरी, चपळ गवळाऊ गुरे राखीत आले. अशा एका दहा-बारा घरांच्या वस्तीवर गेलो होतो. निम्म्या घरांना कुलपे. तरुण मंडळी नागपूरकडे. आंब्याखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारले, “मामा, ग्रामसभेला जाता का?”

“जातो नं जी. पण ढोरं घरी यायच्या आत परतावं लागते. तीन कोस हाये.”

“मग काय मागता तिथे?”

“रस्ता.”

“मिळेल?”

म्हाताऱ्याने माझ्या धुळीने भरलेल्या जोड्यांकडे पाहिले.

“यादीत नाव हाये म्हणते, बाप्पा. चार सालं झाले.”