मामांची बेस गिटार

माझे स्थानिक पालक म्हणजे माझे मामा. त्यांचं घर मल्लेश्वरमला आहे. आऊट-पास मिळाला की मी तिथे जेवायला जातो आणि जेवण झालं की कपाटावरची बेस गिटार खाली काढतो. नव्वदच्या दशकात मामा कॉलेजच्या बँडमध्ये ती वाजवायचे. अकरावीत असताना हाऊसच्या संगीत स्पर्धेसाठी मी ती मागितली. मामा लगेच हो म्हणाले.

अडचण आवाजाची होती. आमच्या दोन गिटार आणि ड्रम सुरू झाले की बेस फक्त पोटात जाणवायचा, स्वर कळायचा नाही. या गिटारला एकच पिकअप होता. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 साली दाखवलं तेच हे. तारेच्या मध्याकडे हेलकावा मोठा, म्हणून तिथला आवाज भरदार. ब्रिजजवळ हेलकावा लहान, पण स्वर धारदार. फेंडर कंपनीच्या 1951 च्या प्रिसिजन बेसला एकच पिकअप होता, 1960 च्या जॅझ बेसला दोन आले. आपणही ब्रिजजवळ दुसरा बसवायचा, असं ठरलं.

एसपी रोडवरून आम्ही 250 के चे दोन पॉट, वायर आणि सोल्डर आणलं. पिकअप मामांनी गिटारच्या दुकानातून घेतला. मी ब्रिजपासून माप घेतलं, पेन्सिलने चौकट आखली आणि चिकटपट्टी लावण्याआधी मळ काढावा म्हणून फडक्यावर स्पिरिट घेतलं.

"अरे थांब! तिथे नको."

मामांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी ज्याला इतके दिवस ओरखडा समजत होतो, ती मार्करने केलेली सही होती. त्यांच्या ड्रमरची. शेवटच्या कार्यक्रमाच्या रात्री त्याने ती केली होती. पुढे दोन वर्षांत अपघातात तो गेला. हे मामांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि सही नेमकी माझ्या चौकटीत येत होती.

"काप तू. लाकूडच आहे," ते थोड्या वेळाने म्हणाले. पण खोलीत थांबले नाहीत.

मी माप पुन्हा काढलं. चौकट दीड सेंटीमीटर मानेकडे सरकवली तर सही वाचत होती. धार थोडी कमी होणार होती. पण खुद्द फेंडरनेही सत्तरच्या दशकात जॅझ बेसचा मागचा पिकअप सुमारे एक सेंटीमीटर ब्रिजकडे हलवला होता. म्हणजे ही जागा काही दगडावरची रेघ नव्हे. पेन्सिलची जुनी रेघ मी खोडरबराने पुसली. सहीला धक्का लागणार नाही, अशी.

गल्लीतल्या सुताराने पटाशीने दोन सेंटीमीटर खोल खाच घेतली. आतून वायर नेण्यासाठी तिरकं भोक पाडताना मी "साकु, साकु" म्हणत होतो आणि तो हसत होता. बटणांसाठी भोकं दोनच, म्हणून टोनचं बटण काढून तिथे दुसरा व्हॉल्यूम बसवला.

रात्री अँप्लिफायर लावला. पहिला पिकअप उत्तम. दुसराही. दोन्ही एकदम लावले आणि आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा झाला, खर्ज गायब! तासभर आम्ही सोल्डर तपासत बसलो. मग लक्षात आलं : तार एकच, पण एका पिकअपची वीज वर जाताना दुसऱ्याची खाली जात होती. दोघं एकमेकांना खोडत होते. नव्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली, काम दोन मिनिटांचं.

मग मामांनी गिटार माझ्या हातून घेतली. बराच वेळ वाजवत होते, मधूनच डाव्या पायाने ताल धरत. मामींनी दिवे मालवायला सांगितलं तेव्हा थांबले.

स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. नवा पिकअप एकटा लावला तर हलकी गुणगुण येते, ती आहेच. गिटार सध्या आमच्या म्युझिक रूममध्ये आहे. ज्युनिअर्सना वाजवायची मुभा आहे. पुसताना मात्र कोरडं फडकं, स्पिरिट नाही.