मूळ पुरुषाचा रकाना

ती. दादास,


तुझं पाकीट मिळून बरेच दिवस झाले. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत लेकींची घरंही घ्यायची असं मंडळाने ठरवलं, हे वाचून बरं वाटलं. पहिल्या आवृत्तीत आप्पांच्या नावापुढे ‘पुत्र १, कन्या २’ एवढंच छापलंय. त्या दोनांतली मी एक. आता माझी लेक, जावई आणि नात या सगळ्यांनाच पान मिळणार म्हणतोस, तर फॉर्म नीट भरायला हवा. त्यालाच वेळ लागला. तुझ्या फॉर्मवरचे रकाने असे: मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, चार पिढ्यांची नावं, जन्म-मृत्यूच्या तिथी. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे अर्ध्या तासात भरून होईल. जावयाकडे का झालं नाही ते सविस्तर लिहिते, कारण तू संपादक आहेस आणि मला तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

जावयाचं मूळ गाव जॉर्जिया राज्यातलं, हॅनकॉक काउंटीतलं. तालुक्याचं ठिकाण म्हणावं तसं तिथलं मुख्य गाव स्पार्टा, अटलांटाच्या आग्नेयेला. लाल माती. एके काळी सगळा कापूस होता, आता मैलोन्‌मैल पाइनची लागवड. त्याचे पूर्वज तिथल्या कापसावर गुलाम होते, हे तुला माहीत आहेच. लग्नाच्या वेळी तू काही बोलला नव्हतास, पण आत्याने विचारलं होतं, ‘‘म्हणजे त्यांना घराणं असेल ना?’’ दादा, घराणं आहे. कागद मात्र विचित्र आहेत.

सुरुवात विहीणबाईंच्या पत्र्याच्या डब्यापासून केली. तिथल्या काळ्या कुटुंबांत माणूस गेलं की अंत्यविधीची छापील पुस्तिका निघते. मुखपृष्ठावर फोटो, आत जीवनवृत्त, शेवटी मागे राहिलेल्यांची यादी. आपल्या लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’खाली अख्खं गणगोत उतरतं ना, तसंच. कोण डेट्रॉईटला, कोण फिलाडेल्फियाला, कोणाचं लग्नानंतरचं नाव काय, सगळं त्यात सापडतं. १९१० ते १९७० च्या दरम्यान साठेक लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. त्या पांगापांगीत कोण कुठे गेलं याचा हिशेब सरकारने नाही, या पुस्तिकांनी ठेवलाय. उन्हाळ्यात कुटुंबाचा मेळावा भरतो, तेव्हा सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालतात आणि पाठीवर वंशवृक्ष छापलेला असतो. तुझ्या मंडळाला ही कल्पना सुचव. खपतील.

विहीणबाईंचे वडील १९१५ चे. जन्मदाखला नाही. जॉर्जियात राज्यभर जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद १९१९ पासूनची, आणि त्यानंतरही सुइणीच्या हातची बाळंतपणं किती नोंदली गेली असतील ते तूच ठरव. पुढे १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानंतर म्हातारपणाच्या पेन्शनसाठी वयाचा पुरावा लागायला लागला, तेव्हा हजारो लोकांनी साठीच्या आसपास स्वतःचा जन्म सिद्ध केला. त्यांनीही केला. पुरावे काय, तर जुनी विम्याची पॉलिसी आणि थोरल्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र. तारीख बहिणीने सांगितली ती. कापूस वेचायला लागायच्या आधीचा जन्म, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

त्यांचे वडील, म्हणजे विहीणबाईंचे आजोबा, १९१७ च्या सैन्यभरतीच्या कार्डावर सापडले. शेतमजूर, विवाहित, उंची मध्यम. कार्डाचा खालचा डावा कोपरा फाडलेला होता. मला वाटलं कागद जुना, झिजला असेल. पण नाही. तिथे छापील सूचनाच होती की माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. गठ्ठ्यात हात घातला की कार्डं न वाचता वेगळी काढता यावीत म्हणून. फाडायचा कोपरा आधी छापून घेणाऱ्या कारकुनी डोक्याची मला आजही कमाल वाटते.

इथून मागे जायचं म्हणजे जनगणनेचे कागद. दर दहा वर्षांनी प्रगणक दारात येतो आणि नावं लिहितो. ते कागद बहात्तर वर्षं गुप्त राहतात आणि मग सगळ्यांना खुले होतात. १९५० चे २०२२ साली खुले झाले. त्यातलं १९०० सालचं पान मला सगळ्यांत जवळचं वाटलं. त्या वर्षी आणि १९१० साली प्रत्येक आईला विचारलंय, किती मुलं झाली आणि आज किती जिवंत आहेत. विहीणबाईंच्या पणजीपुढे लिहिलंय: बारा, सात. त्या पाच मुलांची नावं कुठेही नाहीत, आणि १८८० ते १९०० मध्ये जन्मून गेलेली तर कधी सापडणारही नाहीत. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ साली वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीला आग लागली त्यात खराब झाले आणि जे उरले ते पुढे सरकारनेच नष्ट केले. वीस वर्षांचं भोक पडलंय. गोऱ्या-काळ्या, गरीब-श्रीमंत सगळ्याच कुटुंबांना ते नडतं, पण ज्यांच्याकडे सातबारा, मृत्युपत्र, चर्चची वही असलं दुसरं काही नाही, त्यांना जास्त.

१८८० ची जनगणना बरी. घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे त्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं, आणि प्रत्येकाचे आईबाप कुठे जन्मले तेही. १८७० सालच्या पानावर नातं नाही, नुसती नावं एकाखाली एक. तरी हे पान सगळ्यांत मोलाचं, कारण गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावानिशी झालेली ही पहिली शिरगणती. त्या पानावर विहीणबाईंचे पणजोबा अठरा वर्षांचे आहेत. शेतावर काम, लिहितावाचता येत नाही. त्याच घरात, त्यांच्या खालच्या ओळीत, पन्नाशीची एक बाई. जन्मस्थळ: व्हर्जिनिया.

दादा, त्या एका शब्दापाशी मी खूप वेळ थांबले. व्हर्जिनियात तंबाखूने जमिनी थकल्या, आणि खाली जॉर्जिया-अलाबामा-मिसिसिपीकडे कापसाला माणसं कमी पडायला लागली. मग १७९० ते १८६० दरम्यान जवळपास दहा लाख गुलाम दक्षिणेत खाली नेले गेले. काही मालकाबरोबर आले, पुष्कळ जण विकले जाऊन. साखळीने जोडून शेकडो मैल चालवत न्यायचे. ती बाई कशी आली ते कागदात नाही. पण ती तिथली होती आणि इथे पोचली, म्हणजे तिची आई, भावंडं बहुधा तिकडेच राहिली.

ती त्या मुलाची आईच कशावरून? मलाही शंका होती. मग त्याचा मृत्यूचा दाखला मिळाला, १९२० च्या दशकातला. त्यावर आईबापांची नावं विचारतात. माहिती देणारी सून. आईच्या जागी तिने तेच नाव लिहून दिलंय. बापाच्या जागी: माहीत नाही.

१८७० च्या मागे भिंत येते. १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी केली होती. त्यात मालकाचं नाव, आणि खाली ओळीने वय, लिंग, रंग. ३०, स्त्री, काळी. ८, पुरुष, मिश्र. नाव कोणाचंच नाही. ‘कन्या २’ म्हणजे काय ते मला थोडंसं कळत होतं. अशी यादी पाहिल्यावर ते अगदीच फिकं वाटायला लागलं.

भिंतीपलीकडे जायचं तर मालक शोधावा लागतो. आडनावावरून शोधता येईल असं सगळे समजतात, पण सुटकेनंतर लोकांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं नाही. कोणी जुन्या मालकाचं घेतलं, कोणी बापाचं, कोणी आवडलं म्हणून. आम्हाला वाट सापडली ती करवसुलीच्या वहीत. यादवी युद्धानंतरच्या वर्षांत जॉर्जियाच्या करवह्यांत काळ्या करदात्यांची नावं वेगळी लिहीत आणि पुष्कळदा पुढे ते कोणाकडे कामाला आहेत तेही. या वह्यांवरूनच डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०१ साली जॉर्जियातल्या काळ्या जमीनधारकांचा अभ्यास लिहिला; तेव्हा ते अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. आमच्या वहीत एका गोऱ्या शेतकऱ्याचं नाव होतं. त्याच्या बापाचं मृत्युपत्र आणि जिंदगीची यादी मॉरोच्या राज्य अभिलेखागारात मायक्रोफिल्मवर मिळाली. फिल्म होती हे नशीब. स्पार्टाचं कोर्ट, टेकडीवरची विटांची देखणी इमारत, २०१४ च्या ऑगस्टमध्ये जळलं. आता पुन्हा तसंच बांधलंय. दक्षिणेत अशी जळालेली कोर्टं इतकी आहेत की वंशावळ शोधणारे काउंटीचं नाव घेतलं की आधी विचारतात, कधी जळलं?

यादीत आधी दोन खेचरं, मग कापसाचा जिन, खाटा, तांब्याची भांडी, मग माणसं. प्रत्येकापुढे डॉलर. ती बाई आहे. तिचा मुलगा वेगळ्या ओळीवर, स्वतःच्या किमतीसह. विहीणबाईंना फोटोप्रत दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘नाव तेवढं कापून दे. आकडा मला नको.’’ मी तसं करून दिलं. तुझी सवय मला ठाऊक आहे. तू तळटीपेत पृष्ठ क्रमांकासह रक्कम देशील. देऊ नकोस. मूळ प्रत माझ्याकडे आहे, पाहायची असेल त्याने माझ्याकडून पाहावी.

आता तुझे रकाने. बापाचं नाव नाही याचं तुला आणि मंडळातल्या काहींना वाईट वाटेल. पण १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. बाप कोण, याने काही फरक पडणार नाही. मालकच बाप असला तरी मूल त्याच्या मालमत्तेत जमा. पुढे सगळ्या दक्षिणेत हाच नियम चालला. म्हणजे या घराण्याची ओळ कायद्यानेच आईकडून सुरू झाली आहे. जावयाने डीएनए तपासणी केली तेव्हा त्याच काउंटीतल्या एका गोऱ्या कुटुंबाशी धागा जुळला. त्यांच्यातल्या एका बाईंनी स्वतःहून पत्र पाठवलं, त्यांच्या घरच्या बायबलात जन्मनोंदी आहेत म्हणून. अजून गेलो नाही. विहीणबाईंचा जीव तयार झाला की जाऊ.

हॅनकॉकमध्येच याच्या उलट घडलेली एक गोष्ट आहे. डेव्हिड डिक्सन नावाचा बडा कापूसवाला १८८५ साली वारला आणि आपली बहुतेक सगळी मालमत्ता अमांडा अमेरिका डिक्सन हिला ठेवून गेला. ती त्याची, एका गुलाम बाईपासून झालेली मुलगी. गोरे नातेवाईक कोर्टात गेले, पण १८८७ साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र कायम केलं. स्पार्टात हे सगळ्यांना माहीत आहे, अभिमानाने सांगतातही. पण अशी मृत्युपत्रं किती निघणार? बाकीच्यांचे बाप कुठल्याही कागदावर नाहीत.

तेव्हा ‘मूळ पुरुष’ या रकान्यात मी त्या बाईचं नाव लिहिलंय. आडनाव नाही, पहिलंच नाव, कारण यादीत तेवढंच आहे. छापताना ‘अज्ञात’ करू नकोस आणि मुलाचं नाव वर चढवू नकोस. मूळ गाव: व्हर्जिनिया, नंतर हॅनकॉक. गोत्र रिकामं सोड, काश्यप लिहू नकोस. ज्यांचं गोत्र माहीत नाही त्यांना काश्यप लावायची आपली पळवाट इथे नको. कुलदैवताच्या जागी त्यांचं चर्च लिहिलंय. घराण्यातलं तिथलं पहिलं दफन कोणतं हे दगडावरून कळत नाही, कारण जुन्या थडग्यांवर नुसते रानातले दगड आहेत.

आता भांडण. तू शाळेत आम्हाला महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ वाचून दाखवायचास. १८७३ साली फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. म्हणजे या बाईचं नाव जनगणनेच्या कागदावर आलं त्यानंतर तीनच वर्षांनी. त्यांना इथलं तिथे दिसत होतं. पेशवाईत आपल्याकडे कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री होत होती आणि त्यांच्या किमती दफ्तरांत नोंदल्या आहेत, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. आपल्या कुलवृत्तांतात वाडा आहे, इनामाची सनद आहे, अठराव्या शतकातल्या चार पिढ्यांचे पराक्रम आहेत. कुणबिणीबद्दल एक ओळ नाही, तिच्यापासून झालेल्या लेकावळ्यांबद्दल नाही. वाड्यात इतकी कामं होती ती कोण करत होतं?

माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आबांच्या वेळच्या मोडी वह्या अजून असतील, वाळवीने खाल्ल्या नसतील तर. रोजकीर्दीत बाईच्या नावापुढे रक्कम दिसली तर मला कळव. तुला मोडी जड जाते आहे, तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाणाऱ्यांपैकी एखादा मुलगा गाठ, पैसे मी पाठवते. छपाईला अजून सहा महिने आहेत म्हणतोस. तेवढ्यात दोन-तीन वह्या तरी वाचून होतील. नावं मिळाली तर परिशिष्टात नको, त्या त्या पिढीच्या पानावर घे.

फॉर्म, फोटो आणि वर्गणीचा चेक सोबत आहे. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी